साडेआठ मीटरच्या पुढे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की रामटेक, मौदा, पारशिवनी, देवलापार या पट्ट्यात पहाटेची मैदानं भरून जातात. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव चालतो, शाळेच्या पटांगणात शंभर मीटरच्या धावा होतात आणि एका कोपऱ्यात फक्कीने आखलेल्या गोलातून गोळाफेक सुरू असते. मैदानी चाचणीचे गुण पन्नास, त्यातले पंधरा गोळाफेकीचे. मुलांच्या हातात ७.२६ किलोचा गोळा असतो, मुलींच्या हातात ४ किलोचा. ऑलिंपिकमध्येही हीच वजनं असतात. मुलाचा गोळा साडेआठ मीटरच्या पुढे पडू लागला की त्याला पंधरापैकी पंधरा मिळतात. मग तो गोळा बाजूला ठेवतो आणि उरलेला वेळ धावण्याला देतो. त्याचं काही चुकत नाही, कारण नवव्या मीटरला गुणच नाहीत.

धावणं सोडलं, तर ग्रामीण महाराष्ट्रात इतक्या तरुणांचे हात लागलेला दुसरा मैदानी प्रकार मला तरी दिसत नाही. कुस्तीचा आखाडा प्रत्येक गावात उरलेला नाही, पण गोळा आहे. आणि तरीही विदर्भातल्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय पातळीचे गोळाफेकपटू रांगेने निघताना दिसत नाहीत. ताकद आहे, वजन उचलण्याची सवय आहे, पहाटे उठण्याची तयारी आहे. साडेआठ मीटरवर थांबलेल्या शंभर पोरांमधून सोळा मीटरपर्यंत जाऊ शकेल असा एक जण ओळखणारा आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याच्यामागे उभा राहणारा माणूस मात्र तिथे नाही. फेकीच्या प्रकारांचा प्रशिक्षक म्हणतात तो हाच.

त्याच्या वाट्याला चार प्रकार येतात: गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक आणि हातोडाफेक. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे स्वतंत्र पद असतं. धावण्याचा प्रशिक्षक वेगळा, उड्यांचा वेगळा, फेकीचा वेगळा. त्याची सुरुवात बहुधा पदव्युत्तर शिक्षण घेता घेता साहाय्यक म्हणून, अगदी तुटपुंज्या मानधनावर होते. पुढे त्याला शिकवण्याइतकाच वेळ शाळाशाळांतून खेळाडू शोधण्यात, त्यांच्या पालकांशी बोलण्यात आणि शिष्यवृत्त्यांचं गणित जुळवण्यात घालवावा लागतो. बंदिस्त मैदानावरच्या हिवाळी हंगामात पुरुषांना ३५ पौंडांचं आणि महिलांना २० पौंडांचं वजन फेकण्याचा आणखी एक प्रकार असतो, तोही त्याच्याच अंगावर. या व्यवस्थेतून काय निघतं ते पाहायचं, तर लिथुआनियाचा मिकोलास अलेक्ना बघा. त्याने थाळीफेकीचा १९८६ पासूनचा जागतिक विक्रम एप्रिल २०२४ मध्ये ७४.३५ मीटरवर नेला, तेव्हा तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत शिकत होता. आपला विकास गौडाही याच वाटेने आला. म्हैसूरचा जन्म, अमेरिकेत वाढला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळताना २००६ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेत थाळीफेकीत पहिला आला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने भारताला सुवर्ण मिळवून दिलं.

आपल्याकडे महाविद्यालयाच्या आकृतिबंधात फेकीचा प्रशिक्षक नावाचं पदच नाही. असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची एक जागा. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, आणि बारा मिनिटांची धाव-चाल चाचणी. त्या एका माणसाकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट, बुद्धिबळ, योग दिन, ध्वजवंदनाची परेड असं सगळंच असतं. ही जागाही बऱ्याच ठिकाणी रिकामी असते किंवा तासिका तत्त्वावर भरलेली. त्यामुळे रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी फेकीचा प्रशिक्षक व्हायचं म्हणजे नेमणूक एका कामाची घ्यायची आणि मन दुसऱ्या कामात घालायचं. ज्या संचालकाने कॉलेजच्या दिवसांत स्वतः थाळी किंवा गोळा फेकलेला असतो, तोच बहुधा हे करतो. बाकीच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे वेळही नसतो आणि साहित्यही.

रामटेकची एक गोष्ट या बाबतीत वेगळी आहे. इथली बहुतेक महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली, पण याच गावात १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठही आहे. म्हणजे पन्नास किलोमीटरवरच्या नागपूरचा संघ निवडला जातो तो शेकडो महाविद्यालयांतून, आणि रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी दुसरं एक छोटं विद्यापीठ स्वतःचा संघ स्वतः निवडू शकतं. फेकीसारख्या वैयक्तिक प्रकारात लहान विद्यापीठाचा खेळाडू निवडीच्या फार चाळण्यांतून न जाता आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या वर्तुळात उभा राहू शकतो. पदक तिथे कुणी हातात आणून देत नाही. पण देशातले सर्वोत्तम विद्यार्थी कसे फेकतात हे जवळून पाहणं ही फेकीच्या शिक्षणातली फार मोठी गोष्ट आहे, आणि ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घडली तर प्रशिक्षकाचं अर्धं काम सोपं होतं.

आता साडेआठ आणि सोळा यांच्यामधलं अंतर नेमकं कशाचं आहे ते पाहू. गोळा हातातून सुटला की त्याचं भवितव्य तीन गोष्टींनी ठरतं: सुटतानाचा वेग, कोन आणि जमिनीपासूनची उंची. हवेचा विरोध गोळ्याला नगण्य. दोन मीटर उंचीवरून ३८ अंशांच्या कोनात सुटलेला गोळा साडेआठ मीटर जायला त्याला सेकंदाला साधारण ८.१ मीटर वेग लागतो. सोळा मीटर जायला लागतो साधारण ११.८. म्हणजे अंतर जवळजवळ दुप्पट होतं तेव्हा वेग दीडपटही झालेला नसतो. बावीस मीटरच्या आसपास फेकणारे जगातले मोजके लोक सेकंदाला १४ मीटर वेग काढतात.

हे आकडे मनात ठेवले की मैदानावरच्या बऱ्याच सूचना निरुपयोगी वाटू लागतात. ‘वर फेक, अजून वर फेक’ हे वाक्य प्रत्येक शाळेच्या मैदानावर ऐकू येतं. सोळा मीटर फेकणाऱ्याने कोन ३८ वरून ४१ अंशांवर नेला आणि वेग तोच राहिला, तर त्याला जेमतेम दहा सेंटिमीटर मिळतील. प्रत्यक्षात वेग तोच राहत नाही. जास्त वर ढकलताना छातीचे आणि खांद्याचे स्नायू तितका जोर देऊ शकत नाहीत, शिवाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जास्त काम करावं लागतं, म्हणून वेग पडतो आणि अंतर उलट घटतं. चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन पाठ्यपुस्तकातल्या ४५ अंशांपेक्षा कितीतरी कमी असतो तो यामुळेच. उलट वेग नुसता पाच टक्क्यांनी वाढवला, तर त्याच सोळा मीटरवाल्याला जवळपास दीड मीटर जास्त मिळतं. प्रशिक्षकाची सगळी विद्या त्या पाच टक्क्यांसाठी असते.

वेग हातातून येतो असं नवख्याला वाटतं. तो येतो पायातून. टाच, गुडघा, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट, बोटं या क्रमाने प्रत्येक भाग आधीच्या भागाचा वेग घेतो, त्यात आपली भर घालतो आणि थांबतो. तो थांबतो म्हणूनच पुढचा भाग झपाट्याने सुटतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय आणि डावी बाजू शेवटच्या क्षणी भिंतीसारखी ताठ उभी राहिली नाही, तर मागून आलेला सगळा जोर जमिनीत जिरतो. भरतीच्या मैदानावर दिसणारी बहुतेक पोरं गोळा नुसत्या दंडाने ढकलत असतात आणि तरीही साडेआठ मीटर गाठतात. शेतातल्या कामाने अंगात मुरलेली ताकद तेवढी असतेच. यातल्या एखाद्याच्या पायात आपोआप वळण येतं, फेकताना त्याची कंबर खांद्याच्या आधी फिरते. पाहणाऱ्याची नजर तिथे थबकली पाहिजे. अंतर मोजपट्टीवर दिसतं. कंबर कधी फिरली हे दिसायला मात्र वर्षानुवर्षांची सवय लागते.

मग शिकवणं सुरू होतं आणि पहिल्याच पावलाला आपल्या मैदानांची अडचण उभी राहते. गोळाफेकीचं वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं. त्यात पाठमोरं उभं राहून एका पायावर मागे सरकत फेकायची पद्धत अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने १९५० च्या दशकात रूढ केली. त्याआधी खेळाडू आडवे उभे राहून फेकत. १९५४ मध्ये साठ फूट ओलांडणारा तो पहिला माणूस ठरला. पुढे रशियाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने थाळीफेकीसारखी पूर्ण गिरकी गोळाफेकीत आणली आणि १९७६ मध्ये २२ मीटर गाठले. आज २३.५६ मीटरचा जागतिक विक्रम नावावर असलेला रायन क्राउझर गिरकीनेच फेकतो, जगातले पहिल्या फळीतले बहुतेक पुरुषही. गिरकीला बुटाचा तळवा सहज फिरेल अशी काँक्रीटची जमीन लागते. आमच्याकडे वर्तुळ मातीवर फक्कीने आखलेलं. उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडतात, पावसाळ्यात ती बुटाला चिकटते. मातीत गिरकी घेतली तर पाय अडकतो आणि गुडघा मुरगळतो. त्यामुळे खेड्यातला मुलगा सरकपद्धतच शिकतो. तिच्यात काही उणं आहे म्हणून नव्हे, दुसरी शिकायला जागाच नसते म्हणून.

दुसरी अडचण वजनाची. १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६ किलोचा. भरतीच्या ओढीने मात्र सतराव्या वर्षीच थेट ७.२६ चा गोळा हातात येतो. जड गोळ्याने हालचाल संथ होते आणि शरीर तीच संथ हालचाल पाठ करून टाकतं. जाणता प्रशिक्षक पहिलं वर्षभर हलका गोळा देतो, जागेवरून उभ्याने फेकायला लावतो, मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी मागे-पुढे फेकायला लावतो आणि अंतर मोजू देत नाही. पोट्ट्यांना हे पटवणं हेच मोठं काम. बारावीपर्यंत कमी वजनाने चौदा मीटर फेकणारा मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षाला विद्यापीठाच्या स्पर्धेत मोठा गोळा घेतो आणि अचानक अकरावर येतो. घरचे विचारतात, ‘सर, पोराचा खेळ बिघडला का?’ त्या एका वर्षात मुलगा सोडून गेला नाही तर पुढे तो टिकतो.

या कामात आयुष्य कसं घालवता येतं याचा सगळ्यांत ठसठशीत नमुना म्हणजे युक्रेनचा अनातोली बोंदारचुक. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीचं सुवर्णपदक त्याचं. त्याच सुमारास युरी सेदिख हा तरुण त्याच्याकडे शिकू लागला. चार वर्षांनी मॉन्ट्रियलमध्ये दोघंही वर्तुळात उतरले. सुवर्ण सेदिखला, कांस्य बोंदारचुकला. आपल्याच शिष्यामागे तिसरा आलेला गुरू ऑलिंपिकच्या मंचावर क्वचितच दिसतो. सेदिखने पुढे १९८६ मध्ये श्टुटगार्टला ८६.७४ मीटर फेक केली, ती अजून कुणाला मोडता आलेली नाही.

बोंदारचुकचं मोठेपण पदकांपेक्षा त्याच्या वह्यांत आहे. प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक सराव त्याने लिहून ठेवला: कोणत्या वजनाचा हातोडा, किती फेकी, किती अंतर. त्यातून त्याच्या लक्षात आलं की एकच सराव दोन खेळाडूंना दिला तर त्यांचा सर्वोत्तम दिवस वेगवेगळ्या वेळी उगवतो, आणि एकाच माणसाच्या बाबतीत मात्र तो कालावधी बराचसा ठरलेला असतो. दुसरं त्याने पाहिलं ते असं की, जिममध्ये कमावलेलं बळ आपोआप फेकीत उतरत नाही. ज्या व्यायामाची हालचाल प्रत्यक्ष फेकीच्या जवळची, त्याचाच फायदा जास्त. म्हणून जड आणि हलके, वेगवेगळ्या वजनांचे हातोडे त्याच्या पद्धतीचा कणा बनले. पुढे तो कॅनडातल्या कॅमलूप्स या गावी गेला आणि उतारवयात डिलन आर्मस्ट्राँग नावाच्या गोळाफेकपटूला त्याने घडवलं. आर्मस्ट्राँग २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता. तिसरा आलेला खेळाडू उत्तेजकांत अडकल्यामुळे कित्येक वर्षांनी कांस्यपदक त्याच्याकडे आलं.

या वहीला खर्च येत नाही, म्हणून ती मला आपल्या परिस्थितीत सर्वांत मोलाची वाटते. रामटेकच्या प्रशिक्षकाला वेगमापक कॅमेरा मिळणार नाही, पण रोजची फेक, झोप, गोळ्याचं वजन आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलगा शेतावर किती राबला हे लिहून ठेवता येईल. तीन वर्षांत ती वही कुठल्याही परदेशी पुस्तकापेक्षा त्याला जास्त शिकवेल.

समोरच्या खेळाडूप्रमाणे शिकवण्याचं महाराष्ट्रातलं उदाहरण सांगलीच्या आटपाडी तालुक्यातून येतं. करगणीचा सचिन सर्जेराव खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडला. डाव्या हाताला गँगरीन झालं आणि त्या हाताचे स्नायू कायमचे आक्रसले. यंत्र अभियांत्रिकी शिकलेला हा मुलगा आधी भाला फेकायचा. खांद्याच्या दुखापतीने तो गोळ्याकडे वळला आणि पुण्यात अरविंद चव्हाण यांच्या मार्गदर्शनाखाली घडत गेला. २०२३ मध्ये पॅरिसला आणि २०२४ मध्ये कोबेला पॅरा जागतिक विजेतेपद, आणि ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेकून रौप्य. त्या दिवशी सुवर्ण मिळालं १६.३८ ला आणि कांस्य १६.२७ ला. तिघांमध्ये मिळून अकरा सेंटिमीटर.

या गटात पुरुषांचा गोळा ६ किलोचा असतो. पण प्रशिक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न वजनाचा नाही, डाव्या हाताचा आहे. फेकताना डावा हात आधी बाहेर उघडतो, छाती ताणतो आणि मग अंगाशी घट्ट ओढला जातो. त्याच धक्क्याने उजवी बाजू पुढे सुटते. तो हात पूर्ण काम करत नसेल तर ते काम धडाकडून, डाव्या पायाकडून, मानेच्या ठेवणीतून काढून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी तयार नमुना कामाला येत नाही. समोरच्या शरीराला काय जमतं हे पाहत पाहत तंत्र नव्याने जुळवावं लागतं. म्हणून पॅरा खेळाडूंबरोबर काम केलेला प्रशिक्षक पुढे कुठल्याही मुलाला जास्त बारकाईने पाहतो असं माझं मत आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तरुण प्रशिक्षकांना ही संधी आवर्जून मिळायला हवी.

फेकीच्या प्रशिक्षकाची एक जबाबदारी धावण्याच्या प्रशिक्षकाला नसते. त्याच्या मैदानावर माणूस मरू शकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळमधल्या पाला इथे राज्य कनिष्ठ मैदानी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून भाले गोळा करणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या डोक्यात हातोडा आदळला. दोन प्रकार एकाच वेळी चालू होते. काही दिवसांनी तो मुलगा गेला. नियम साधे आहेत: सगळ्यांच्या फेकी संपल्याशिवाय कुणी क्षेत्रात जायचं नाही, गोळा किंवा थाळी परत फेकायची नाही, हाताने आणून द्यायची, भाला उभा धरून चालायचं, आणि जाळीचा पिंजरा नसेल तर हातोड्याला हात लावायचा नाही. महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी फिरायला आलेली मंडळी, क्रिकेट खेळणारी मुलं आणि थाळी फेकणारा एक जण असं एकत्र चित्र दिसतं, तेव्हा थाळीवाल्याला थांबवावं लागतं. हातोडाफेक रामटेकसारख्या गावात जवळजवळ नसण्याचं कारण हेच. पिंजऱ्याचा खर्च कुणाला परवडत नाही, आणि त्याशिवाय हा प्रकार शिकवूच नये.

मुलींच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट झाली. पोलीस भरतीमुळे मुलीच्या हातात गोळा दिसणं घरच्यांच्या सवयीचं झालं. पण भरतीच्या गुणांपुढचा रस्ता त्यांना जास्त चढाचा आहे. स्क्वॅट, क्लीन, स्नॅच असे बारबेलचे व्यायाम, रोजची अंडी-दूध-डाळ, दंड आणि खांदे रुंद होणं, या प्रत्येक टप्प्यावर आई-वडिलांशी बोलावं लागतं. सर किंवा मॅडम घरी जाऊन बसतात, चहा होतो आणि मग मुद्द्याचं बोलणं निघतं. तिथे दाखवायला आता उदाहरण आहे. मूळची बंगालची आणि महाराष्ट्राकडून खेळणारी आभा खटुआ हिने मे २०२४ मध्ये भुवनेश्वरला १८.४१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला.

ताकदीच्या खेळाला लागलेला काळा डागही लपवू नये. उत्तेजकांचा मोह फेकीत फार जुना आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत सहावी आलेली कमलप्रीत कौर पुढच्याच वर्षी स्टॅनोझोलॉलमुळे तीन वर्षांसाठी बंदीत गेली. गावातल्या जिममध्ये बिनलेबलच्या डब्यांतली पावडर सहज मिळते, आणि सोळा मीटरवर अडकलेल्या मुलाला ती देणारा कुणीतरी भेटतोच. त्याच्या आधी प्रशिक्षकाने तिथे पोहोचायला हवं. जो शिक्षक वाढ हळू होते हे पहिल्या दिवसापासून सांगत आला, त्याचंच त्या वेळी ऐकलं जातं.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न या वाटेवरच्या प्रत्येकाला पडतो. साधारण रस्ता असा: बी.पी.एड., एम.पी.एड., मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतली मैदानी खेळांची पदविका. ही संस्था १९६१ ची. विदर्भातल्या मुलाला शारीरिक शिक्षणासाठी लांब जावं लागत नाही, कारण अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पदविकेनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणात साहाय्यक प्रशिक्षक, राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा मार्गदर्शक, रेल्वे-पोलीस-सेनादलांचे संघ, किंवा महाविद्यालयातली संचालकाची जागा. जागा थोड्या, अर्ज फार. दरम्यानची वर्षं अनेक जण भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकॅडमीत काढतात. त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. मैदानावर येणाऱ्या शंभर पोरांना तिथे तो रोज पाहतो, आणि साडेआठच्या पुढचा मुलगा त्याला दिसला तर तिथेच दिसणार आहे. नीरज चोप्राच्या हातातही भाला आला तो पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर, जयवीर सिंह या तिथेच सराव करणाऱ्या भालाफेकपटूमुळे. गॅरी कॅल्व्हर्ट, उवे होन, क्लाउस बार्टोनिएत्झ ही प्रशिक्षकांची नावं नंतरची.

अशा माणसाने रामटेकमध्ये पहिलं काय मागावं? माझ्या मते एक काँक्रीटचं वर्तुळ. सिंथेटिक ट्रॅकला कोटी लागतात, वर्तुळाला गावातला गवंडी आणि वेल्डर पुरतो. आतला व्यास २.१३५ मीटर, कडेला किमान ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, आतलं काँक्रीट पट्टीच्या वरच्या कडेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली, पृष्ठभाग घसरणार नाही इतपत खरखरीत आणि पाय फिरेल इतपत सपाट, पाणी निघून जायला तळाशी एक-दोन भोकं. पुढच्या कडेला लाकडी टो-बोर्ड. फेकीचं क्षेत्र ३४.९२ अंशांचं, आणि ते आखायला कोनमापक लागत नाही: मध्यबिंदूपासून दहा मीटरवर दोन खुंट्या एकमेकींपासून सहा मीटर अंतरावर ठोकायच्या, की रेषा बरोबर पडतात. वर्तुळाचं तोंड उत्तरेकडे असलेलं बरं. सराव सूर्योदयाला असतो आणि मे महिन्यात नागपूरकडे आठ वाजताच ऊन तापतं. पूर्वेला तोंड केलं तर फेकणाऱ्याला सुटलेला गोळा उन्हात दिसत नाही.